फोटो सुधारायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं परवडत नाही. रॉ (कॅमेऱ्यातून थेट येणाऱ्या, प्रक्रिया न केलेल्या) फोटोंसाठी स्वस्त पर्याय कोणता?

डार्कटेबल वापरा: पूर्ण मोफत, मुक्तस्रोत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मी रॉ फाइल्स त्यातच करतो. मूळ फाइलला ते हात लावत नाही. केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं. शिकायला मात्र किचकट आहे, पहिला आठवडा वैताग येईल. तेवढा धीर नसेल तर रॉथेरपी बघा, तेही मोफत. डाग काढणं, दोन फोटो जोडणं अशा कामांना गिंप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर, २०२५च्या ३.० आवृत्तीपासून त्यात फिल्टर नंतरही बदलता येतात. एक अडचण: लाइटरूममधले जुने बदल डार्कटेबलमध्ये जसेच्या तसे येत नाहीत. म्हणून वर्गणी थांबवण्याआधी आवडते फोटो टिफ किंवा जेपेगमध्ये काढून ठेवा.