वाचकांचे प्रश्न : मुलांच्या मनाचे आजार वाढतात कसे, हे शोधायचं कसं?

प्रश्न : मोठ्या माणसांना 'तुमचा त्रास कधी सुरू झाला?' असं विचारलं की काम भागेल. त्यासाठी मुलांच्या मागे वर्षानुवर्षं कशाला लागायचं? (निवृत्त शिक्षक, सातारा)

माणसं विसरतात म्हणून. विशीत दोन महिने नैराश्यात काढलेला माणूस चाळिशीत बरेचदा 'तसं काही झालं नव्हतं' असंच सांगतो, आणि खोटं बोलत नसतो.

न्यूझीलंडमधल्या डनिडन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या काळात जन्मलेल्या १०३७ जणांना तिसऱ्या वर्षापासून ठरावीक वयाला पुन्हा पुन्हा बोलावून तपासलं जातं. परदेशी गेलेल्यांना तिकीट काढून आणतात, त्यामुळे ४५व्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक आले. चिंता आणि नैराश्य आयुष्यात कधीतरी झालेल्यांचं प्रमाण या नोंदींत, मोठेपणी एकदाच विचारून काढलेल्या आकड्यांच्या जवळपास दुप्पट भरलं. २६व्या वर्षी ज्यांना मानसिक आजार होता, त्यांच्यातल्या निम्म्यांना पंधराव्या वर्षाच्या आतच कुठलंतरी निदान लागू झालेलं होतं.

'कुठलंतरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. मोठेपणी चिंता किंवा नैराश्य असलेल्या अनेकांच्या बालपणीच्या नोंदीत भांडखोरपणा आणि उद्धट वागणं सापडतं. वर्गात ज्याला 'वांड' म्हणून मागच्या बाकावर बसवतात, त्याच्याकडेही म्हणूनच लक्ष हवं. उलटही घडतं : ३८व्या वर्षी अतिचंचलतेचे निकष पुरे करणाऱ्या दहापैकी सुमारे नऊ जणांच्या बालपणीच्या नोंदीत तो आजार नव्हताच.

प्रश्न : पीएचडीसाठी आठवी ते दहावीतल्या मुलांची चिंता कशी बदलते हे पाहायचं आहे. ३०० मुलं, तीन वर्षं, दरवर्षी एक प्रश्नावली. एवढं पुरेल का? (संशोधक विद्यार्थिनी, बीड)

आधी गळतीचा हिशेब मांडा. दर फेरीनंतर १५ टक्के मुलं हातची गेली, तर ३०० ची दुसऱ्या फेरीत २५५ आणि तिसरीत २१७ होतात. आकडा घटला याहून कोण गेलं याची काळजी जास्त करा. तुमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत शाळेत गेलात, तर ज्या मुलांवर ताण जास्त असण्याची शक्यता आहे नेमकी तीच गैरहजर असतील, आणि 'चिंता कमी झाली' असा निष्कर्ष निघेल. जुलै-ऑगस्ट धरा आणि तिन्ही वर्षी तोच महिना ठेवा. एका वर्षी ऑगस्ट आणि दहावीत फेब्रुवारी असं केलं, तर बोर्डाच्या परीक्षेची धास्ती आजाराची वाढ म्हणून मोजली जाईल.

सुरुवात जमल्यास सातवीत करा. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा सातवीला संपतात. आठवीच्या जुलैत मूल नव्या शाळेत, नव्या वर्गात असतं. त्या वेळचं मोजमाप पाया धरलं, तर पायाच चढा निघतो.

संपर्कासाठी शाळेच्या हजेरीपटावर विसंबू नका. पहिल्याच भेटीत, परवानगी घेऊन, दोन नातेवाइकांचे फोन नंबर लिहून घ्या. त्यातला एक गाव न सोडणाऱ्या आजीचा किंवा चुलत्याचा असू द्या. गळालेल्या आणि टिकलेल्या मुलांचे पहिल्या फेरीतले गुण शेजारी ठेवून प्रबंधात छापा. गेलेल्या मुलाचा जुनाच आकडा पुढे ओढू नका.

दुसऱ्या फेरीत गुण थोडे उतरले तर हुरळून जाऊ नका. काहीही न करता असं होतं : पहिल्यांदा फार वर गेलेले आकडे दुसऱ्यांदा सरासरीकडे सरकतात, आणि तेच प्रश्न पुन्हा आले की मुलं 'नाही' जास्त म्हणतात. दोन मोजमापांतून फक्त फरक कळतो. चढउताराचा आकार कळायला किमान तीन लागतात, चार असतील तर उत्तम.

आता प्रश्नावली. 'एसडीक्यू' (मुलांच्या भावना आणि वागणं यांची चाचपणी करणारी, जगभर वापरली जाणारी प्रश्नावली) घेणार असाल तर त्यात २५ विधानं आहेत, एकूण गुण ० ते ४०, आणि मुलांनी स्वतः भरायचा नमुना ११ ते १७ वयासाठी आहे. तिचे हक्क राखीव आहेत, घरी बसून भाषांतर करता येत नाही. अधिकृत आवृत्तीच वापरा. पालक आणि शिक्षक यांच्याकडूनही भरून घ्या. ते एकमेकांशी जुळणार नाहीत. १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पालक-शिक्षक यांसारख्या वेगळ्या भूमिकेतल्या मोठ्यांमधला सहसंबंध सुमारे ०.२८ आणि मूल व मोठी माणसं यांच्यातला ०.२२ निघाला होता (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). म्हणून तिघांची सरासरी काढू नका, तिन्ही नोंदी वेगळ्या ठेवा. घरी गप्प आणि शाळेत धास्तावलेलं मूल सरासरीत हरवतं.

भरून घेताना एका बाकावर एकच मूल बसवा. तिघं बसली की मधलं मूल शेजाऱ्याच्या खुणा पाहून स्वतःच्या करतं. वर्गशिक्षक फेऱ्या मारत असतील तर 'मला मारतात' यासारख्या प्रश्नाचं खरं उत्तर येणार नाही. त्यांना नम्रपणे बाहेर थांबायला सांगा. आणि प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. जास्त गुणांच्या मुलांची, शिवाय कमी गुणांच्या काही मुलांचीही, प्रशिक्षित व्यक्तीने मुलाखत घ्यायला हवी.

प्रश्न : मोबाइल जास्त वापरणारी मुलं उदास असतात, हे आमच्या शाळेच्या पाहणीत दिसलं. मग कारण मोबाइलच ना? (मुख्याध्यापिका, चिपळूण)

एकाच दिवशी दोन्ही मोजलं असेल तर नाही म्हणता येणार. उदास मूल एकटं पडून मोबाइलकडे वळत असेल, किंवा घरातली भांडणं दोन्हींच्या मुळाशी असतील. आधी काय आलं हे कळायला त्याच मुलांना पुन्हा मोजावं लागतं. आणि त्यानंतरही कारण ठामपणे सांगायचं तर मुलांची दोन गटांत वाटणी चिठ्ठ्या टाकून करावी लागते. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांच्या बाबतीत ते झालं : निम्म्यांना त्यांचा सांभाळ करायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवलं, बाकीच्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळ्याचं नातं जोडण्याची क्षमता सुधारली, म्हणूनच संस्थेतली उपेक्षा हे कारण म्हणून दाखवता आलं.

प्रश्न : मुलीच्या शाळेतून अशाच अभ्यासाचं संमतिपत्र आलं आहे. त्यात आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न आहे. विचारल्यानेच डोक्यात भरेल, अशी भीती वाटते. (पालक, ठाणे)

भीती स्वाभाविक आहे, पण हे तपासून पाहिलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २३४२ विद्यार्थ्यांपैकी काहींना हे प्रश्न विचारले, काहींना नाही. विचारलेल्यांची अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत. आधीपासून नैराश्य असलेल्यांना उलट थोडं हलकंच वाटलं. २००५ मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

तुम्ही विचारायचं ते वेगळं : मुलीने 'हो' अशी खूण केली, तर तो कागद त्याच दिवशी कोण वाचणार? वर्षअखेरीस संगणकात भरताना कळलं तर उपयोग नाही. कोणाशी बोलणं होणार, पालकांना केव्हा सांगणार, हे पत्रात लिहिलेलं हवं. नैतिकता समितीची मंजुरी पाहा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार लागतो, बारा वर्षांपुढच्यांचा लेखी. मुलगी नको म्हणाली तर तुमच्या सहीवर तिला बसवू नये. मधेच काही त्रास जाणवला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.