'मिनिएचर'चा आणि 'मिनी'चा संबंध काय?

प्रश्न असा आलाय की मिनिएचर पेंटिंगमधलं 'मिनिएचर' म्हणजे मिनी, छोटं, म्हणूनच आपण लघुचित्र म्हणतो ना? आणि युरोपातल्या इल्युमिनेटेड मॅन्युस्क्रिप्टला, म्हणजे सजवलेल्या हस्तलिखित पोथीला, मराठीत काय म्हणायचं?

पहिल्याचं उत्तर नाही. मुळात आकाराशी काही देणंघेणंच नव्हतं. लॅटिनमधलं 'मिनियम' म्हणजे शिशापासून केलेला लालभडक रंग, चक्क आपला शेंदूर (रोमन लोक हिंगुळालाही हेच म्हणायचे). त्यावरून 'मिनियारे' म्हणजे पोथीतले मथळे, मोठी अक्षरं लाल करणं आणि मग इटालियन 'मिनियातुरा' म्हणजे पोथीतलं चित्र. ही चित्रं बहुतेक लहानच असायची, त्यात 'मिनिमम' वगैरे शब्द कानाला जवळचे, झालं, अर्थ सरकला. पण 13व्या शतकातली बोहेमियाची (आजचा चेक प्रदेश) कोडेक्स गिगास ही अवाढव्य पोथी बघा, सध्या स्टॉकहोमला आहे, पान जवळपास 89 सेंटिमीटर उंच आणि त्यातला सैतान साधारण अर्धा मीटर, तरी पोथीवाल्यांच्या भाषेत तोही मिनिएचरच!

'इल्युमिनेटेड' म्हणजे उजळवलेली, आणि काटेकोरपणे बोलायचं तर सोनं किंवा चांदी लावलेलीच. न कमावता ताणून वाळवलेल्या कातड्याच्या पानावर आधी रेखाटन, मग जिथे सोनं हवं तिथे जिप्सम, सफेदा आणि सरस यांचा उंचवटा करायचा, वाळला की त्यावर तोंडाची वाफ सोडून तो किंचित ओलसर करायचा, वर्ख बसवायचा आणि अकीक दगडाने नाहीतर कुत्र्याच्या दाताने घोटायचा. रंग त्यानंतर, कारण आधी रंगवलं तर वर्ख रंगालाही चिकटणार आणि घोटताना रंग खराब होणार.

गंमत म्हणजे इल्युमिनेटेड म्हटलं की सगळे जिचं नाव घेतात त्या डब्लिनच्या बुक ऑफ केल्स या ख्रिस्ती पोथीमध्ये (इ.स. 800 च्या आसपास) सोनं नाहीच. तिथला सोनेरी वाटणारा पिवळा म्हणजे हरताळ, एक पिवळं खनिज! आपले लेखनिक पोथीत चुकलेली अक्षरं झाकायला हाच वापरायचे, 'हरताळ फासणे' तिथूनच आलं.

मराठीत नुसतं 'सचित्र पोथी' म्हटलं तर सोनं गायब होतं, म्हणून मी 'सुवर्णचित्रित पोथी' म्हणेन, जरा जड आहे पण चालेल. आणि 'लघुचित्र' आता रूढ झालंय, व्युत्पत्ती चुकीची म्हणून ते बदलायच्या भानगडीत पडू नका.