फर्नेसचं राहू द्या, आधी पॉलिसीचं बघा

प्रश्न: आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. मी ४३, पत्नी ४० वर्षांची, दोन मुलं. आठवडाभर घर तापवणारी गॅस फर्नेस पेटते, चार-पाच सेकंद जळते आणि विझते. तीनदा असं झालं की बंदच पडते. टेक्निशियन म्हणाला, ११ वर्षांची आहे, बदलूनच टाका. खर्च ८,९०० डॉलर, त्यांचंच कर्ज १२ टक्क्यांनी १० वर्षं. बँकेत ३,००० आहेत, क्रेडिट कार्डावर २४ टक्क्यांनी ११,००० थकलेत. मात्र चार वर्षांपूर्वी घेतलेली इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (आयुर्विमा आणि बचत एकत्र) आहे, हप्ता महिना ७५०. मंडळातल्या ओळखीच्या एजंटनी दिली. ते म्हणतात, पॉलिसीवर कर्ज काढा, पैसे आपलेच आहेत. हप्ता परवडावा म्हणून तेव्हा ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात पैसे घालणं, बंद केलं. कंपनी त्यात माझ्याइतकेच, पगाराच्या ४ टक्के घालत होती. पगार १,२०,०००. कुठलं कर्ज घेऊ?

उत्तर: दोन्ही नको. पेटून चार-पाच सेकंदांत विझणं, हे बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरचं लक्षण असतं. बर्नरच्या ज्वाळेत एक पातळ धातूची कांडी असते. ज्वाळेतून तिच्यात अगदी सूक्ष्म प्रवाह जातो, काही मायक्रोअँपचा. कांडीवर राप चढला की तो पोचत नाही, फर्नेस चालवणाऱ्या बोर्डाला ज्वाळा नाहीच असं वाटतं आणि तो गॅस तोडतो. वीज आणि गॅस बंद करून एक स्क्रू काढायचा, कांडी बारीक स्टील वूलने हलकेच पुसायची, परत बसवायची. स्वतः करायचं नसेल तर दुसऱ्या टेक्निशियनला बोलवा. शे-दोनशे डॉलरचं काम आहे. त्याआधी फिल्टर बदला, आणि बाहेरचा प्लास्टिकचा पाइप बर्फाने बुजलाय का ते बघा. गॅसचा वास आला तर मात्र काही न चाचपता घराबाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा.

फर्नेस १५-२० वर्षं चालते. ११ व्या वर्षी ती बदलायला एकच सबळ कारण मी मानेन: हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागाला, तडा. त्यातून घरात कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, तेव्हा तिथे काटकसर नको. पण मग तड्याचा फोटो मागा आणि वॉरंटी तपासा. त्या भागाची वॉरंटी बाकीच्या फर्नेसपेक्षा पुष्कळदा लांब असते. तुमच्या टेक्निशियनने काय बिघडलं हेच सांगितलं नाही, नुसतं वय सांगितलं. त्यावर ८,९०० चं कर्ज घेतलंत तर महिना सुमारे १२८, एकूण १५,३०० भराल.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. तुमची खरी गळती पॉलिसीत आहे. चार वर्षांत ३६,००० भरलेत. स्टेटमेंटवर ‘सरेंडर व्हॅल्यू’ (आज पॉलिसी बंद केली तर हातात येणारी रक्कम) हा आकडा शोधा, ‘अकाउंट व्हॅल्यू’ नव्हे. सरेंडर शुल्क १०-१५ वर्षं चालतं, त्यामुळे हातात भरल्याच्या निम्म्याहूनही कमी येऊ शकतं. मी १३,००० धरतो. ‘पैसे आपलेच’ असतील तर त्यावर व्याज का लागतं, हे एजंटना विचारा. शिवाय वय वाढेल तसा आतला विम्याचा खर्च वाढतो, आणि वर मिळणाऱ्या परताव्याला कमाल मर्यादा असते. विकताना दाखवलेला तक्ता म्हणजे हमी नाही. घरात दोन मुलं असलेल्या माणसाला हे विकणं मला पटत नाही, आणि ४०१(के) बंद करून विकणं तर मुळीच नाही.

कारण तिथे रोकडा तोटा झालाय. १,२०,००० चे ४ टक्के म्हणजे वर्षाला ४,८००. चार वर्षांत एकोणीस हजार डॉलर कंपनीने तुम्हाला दिले असते, ते गेले. तुमच्या डॉलरवर पहिल्याच दिवशी दुसरा डॉलर देणारी गुंतवणूक दुसरीकडे कुठेही नाही. आणि हप्ता भरता भरता कार्ड थकलं, ज्याचं नुसतं व्याज महिना २२० आहे.

क्रम चुकवू नका. आधी साधा टर्म विमा (ठरावीक वर्षांपुरता, बचतीचा भाग नसलेला) घ्या: तुमच्यासाठी दहा लाख डॉलर, २० वर्षं, पत्नीसाठी पाच लाख. तब्येत चांगली आणि धूम्रपान नसेल तर दोघांचं मिळून महिना दीडशेच्या आसपास धरा. ती पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका. वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर तुम्ही विम्याविना राहाल. मग जुनी सरेंडर करा. भरल्यापेक्षा कमी मिळत असल्याने त्यावर कर नाही. ११,००० कार्डाला, उरलेले बँकेत. ४०१(के) पुढच्याच पगारापासून ४ टक्के. हातात येणारा पगार तीनशे-सव्वातीनशेने कमी होईल. हप्त्याचे ७५० सुटतात, त्यातून टर्म आणि हे दोन्ही भागून तीनशेच्या घरात उरतात. शिवाय कार्डाचे सुटतील ते. सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत ते बचत खात्यात जाऊ द्या.

एजंट फोन करतील, ‘अजून थोडी वर्षं थांबा’ म्हणतील, सणासुदीला भेटल्यावर विषय काढतील. भरलेल्या ३६,००० पैकी जे परत मिळत नाहीत, ते काहीही केलं तरी गेलेले आहेत. पुढचे महिना ७५० अजून तुमच्या हातात आहेत. त्यांच्याशी चर्चा नको. विमा कंपनीला थेट लेखी कळवा आणि सरेंडरचा फॉर्म मागवा.

आणि फर्नेस सुरू झाली की झोपायच्या खोल्यांजवळचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म बटण दाबून बघा. इलिनॉयमध्ये तो अशा प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत असणं कायद्याने बंधनकारक आहे. जुना झाला असेल तर या आठवड्यात नवा आणा, हा खर्च मात्र लांबवू नका.