बूस्टर राहू द्या, आधी पाइप उभा करा

माजलगावच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना नुकताच आलाय, घरी हातात धरायचा स्कॅनर (अनेक फ्रिक्वेन्सी चाळून ऐकवणारा रिसीव्हर) आहे, घर पत्र्याचं, शेजारी दोन मजली स्लॅब. रबरी अँटेनावर खरखरीशिवाय काही येत नाही. दोन मीटर बँडवरचे (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे) रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल उंचावरून पुन्हा जोरात सोडणारी केंद्रं, आणि अंतराळ स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झ ऐकायचाय, तर कोणता बूस्टर घ्यावा?

कोणताच नको, निदान आत्ता तरी. बूस्टर फक्त जे आलंय ते मोठं करतो. पत्र्याखाली सिग्नल पोचतो तोच मुळात खरखरीच्या खाली दबलेला. तो दहापट केला की खरखरही दहापट होते, वर बूस्टरची स्वतःची थोडी भर पडते. पैसे घालायचा क्रम मी असा धरतो: उंची, केबल, मग अँटेना, मग फिल्टर. बूस्टर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेकांना तोवर त्याची गरज उरत नाही.

काही विकत घ्यायच्या आधी दोन फुकटच्या गोष्टी करा. पहिली, हाच स्कॅनर रबरी अँटेनासकट घेऊन मोकळ्या रानात किंवा एखाद्या उंच गच्चीवर जा. अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं, मध्ये आडवं काही नसतं, म्हणून ते उघड्यावर रबरी अँटेनावरही ऐकू येतं. मात्र १४५.८०० वर रोज कुणी बोलत नाही. शाळांशी संवाद असेल किंवा एसएसटीव्हीची (आवाजाच्या रूपात पाठवलेली स्थिर) चित्रं सोडलेली असतील तेव्हाच. एरवी १४५.८२५ वर पॅकेटचे (डिजिटल संदेशांचे) तुटक चिरके आवाज किंवा ४३७.८०० वर रिपीटर धरून बघा. बाहेर आलं आणि घरात आलं नाही, तर स्कॅनरमध्ये खोट नाही.

दुसरी, लाइट जायची वाट बघा. आपल्याकडे ती फार बघावी लागत नाही. स्कॅनर बॅटरीवर ठेवा, घरातला इन्व्हर्टरही बंद करा (तोच पुष्कळदा सगळ्यात मोठा गुन्हेगार असतो) आणि फरक बघा. इथं नवखे फसतात ते असं, की एफएम मोडमध्ये रिकाम्या चॅनलची खरखर बाहेरचा गोंगाट कमी झाला तरी तेवढीच ऐकू येते. म्हणून स्कॅनर एएम मोडवर टाका, किंवा एखादा दुबळा रिपीटर धरून तो स्पष्ट होतो का ते ऐका. लाइट गेल्यावर एकदम सुधारलं, तर घरातले एलईडी, चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर एकेक करून शोधा. जुना मध्यम लहरीचा ट्रान्झिस्टर स्टेशन नसलेल्या जागेवर लावून घरभर फिरवला की जिथं जोरात गुरगुरतो तिथं चोर सापडतो.

आता उंची. रेडिओचं क्षितिज काढायचं सूत्र सोपं आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये. ९ मीटरवर तुमची अँटेना १२ किलोमीटर बघते. समोरचा रिपीटर भोवतालच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच असेल तर तो ४१ किलोमीटर बघतो. दोन्हींची बेरीज ५३. खोलीत दीड मीटरवर बसलात तरी बेरीज ४६ येते, मग फरक केवढासा, असं वाटेल. पण हे झालं फक्त क्षितिज. सपाट मैदानात अँटेनाची उंची दुप्पट केली की सिग्नलची ताकद साधारण चौपट होते, आणि पत्रा, स्लॅब, घरातला गोंगाट यांतून सुटका होते ती वेगळीच. तुम्ही गोदावरीच्या सपाटीवर, बालाघाट तुमच्या दक्षिणेला. डोंगरावरचा रिपीटर तुम्हाला मिळेल, डोंगरापलीकडचा मिळायची आशा फार धरू नका.

गल्लीत अजून दूरदर्शनच्या काळातले, अंबाजोगाईच्या प्रक्षेपण केंद्राकडे तोंड करून उभे केलेले पाइप सापडतील. ते मागून आणा. पाइपच, वरची अँटेना नको. ती वेगळ्या फ्रिक्वेन्सीची आहे, शिवाय आडवी. रिपीटर उभ्या ध्रुवीकरणावर चालतात (त्यांच्या अँटेना उभ्या असतात). उभ्या सिग्नलला आडवी अँटेना लावली तर ताकद १०० पटीपर्यंत घटू शकते.

केबलवर थोडा वेळ घालवतो, कारण पैसे सगळ्यात जास्त इथं वाया जातात. दुकानदार ‘वायरलेसची केबल’ म्हणून पातळ आरजी-५८ देईल. १४५ मेगाहर्ट्झला १५ मीटर लांबीत ती साधारण ३ डेसिबल खाते, म्हणजे निम्मा सिग्नल. ४३७ ला पाच-साडेपाच. डिशची चांगली आरजी-६ तेवढ्याच लांबीत १४५ ला दीड डेसिबलच्या आत आणि ४३७ ला दोनच्या आसपास खाते, आणि किमतीला स्वस्त. ‘पण ती ७५ ओहमची, स्कॅनर ५० चा’ असं कुणीतरी सांगेलच. इम्पीडन्सच्या (सिग्नलला होणाऱ्या अडथळ्याच्या) त्या विजोडपणाचा तोटा एका जोडाला ०.२ डेसिबलपेक्षा कमी आहे, कानाला कळणारसुद्धा नाही. फक्त ऐकायचं आहे तोवर बिनधास्त वापरा. ट्रान्समीटर लावाल तेव्हा ५० ओहमची जाड केबल घ्या. एक अडचण आहे. आरजी-६ ची बाहेरची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिला सोल्डरचा डाग बसत नाही. म्हणून केबलवाल्याकडून दाबून बसवायचे एफ कनेक्टर लावून घ्या आणि पुढे ॲडाप्टर जोडा. बाहेरचा प्रत्येक जोड सेल्फ-ॲमलगमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने गुंडाळा. साधी काळी टेप आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते, आणि मृगाच्या पहिल्या पावसात पाणी थेट जाळीत.

अँटेना घरीच करा. एसओ-२३९ सॉकेट (केबलचा प्लग बसतो ते), मधल्या टोकाला उभी तांब्याची जाड तार ४९ सेंटिमीटर, चार कोपऱ्यांच्या भोकांत साधारण ५२ सेंटिमीटरच्या चार तारा, खाली ४५ अंशांत झुकवलेल्या. तारा आडव्या ठेवल्या तर इम्पीडन्स ३६ ओहमच्या आसपास राहतो, झुकवल्यावर ५० च्या जवळ येतो. झुकवण्याचं कारण एवढंच. दुसऱ्या फ्रिक्वेन्सीसाठी ७१२५ ला मेगाहर्ट्झने भागा, उभ्या तारेचे सेंटिमीटर मिळतात. ही अँटेना ४३७ लाही बरी चालते, कारण तिथं तीच तार पाऊण तरंगलांबीची होते. अँटेनाच्या बुडाशी केबलचे पाच-सहा वेढे घालून बांधा, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगाने घरातला गोंगाट वर चढत नाही. महागडी डिस्कोन (खूप बँड एकदम ऐकणारी अँटेना) घेऊ नका असं म्हणत नाही, पण ती सगळं थोडं थोडं ऐकते, जोर कशातच लावत नाही. तुम्हाला १४५ आणि ४३७ हे दोनच बँड हवेत.

बाहेरची अँटेना लावल्यावर कधी उलटंच होतं: आधी येत होतं तेही जातं, किंवा भलत्याच ठिकाणी एफएमची गाणी वाजतात. हातातल्या स्कॅनरचं पुढचं तोंड, म्हणजे अँटेनाला लागून असलेला पहिला भाग, एवढ्या सिग्नलसाठी बनवलेलं नसतं. एटीटी बटण (येणारा सिग्नल कमी करणारं) दाबा. दाबल्यावर हवा तो सिग्नल उलट स्वच्छ झाला, तर दुखणं अतिभाराचंच. १० डेसिबल कमी केल्यावर आत तयार होणारे थर्ड ऑर्डरचे (जोरदार सिग्नल एकमेकांत मिसळून होणारे) खोटे सिग्नल ३० डेसिबलने पडतात. अशा वेळी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा अडवणारा फिल्टर घ्यायचा. इथं बूस्टर लावला असता तर काय झालं असतं, ते तुमचं तुम्हीच ओळखा.

आता जिवाचं. पाइप उभा करताना तो कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढी जागा हवी. पाइपच्या दीडपट अंतर धरा. अकरा केव्हीची लाइन घरावरून जात असेल तर पाइपचा विचारच सोडा. हे काम एकट्याने नाही आणि वारं सुटलेलं असताना नाही. पाइपला तीन दिशांनी तारांचे ताण द्या, नाहीतर वानरांची टोळी एका दुपारीत आडवा करील. अर्थिंगसाठी वेगळा खड्डा घ्याल तो घराच्या अर्थिंगला जाड तारेनं जोडा, दोन वेगवेगळ्या अर्थ ठेवू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंग तेव्हाच दुबळं पडतं, आणि वळवाच्या विजाही नेमक्या तेव्हाच. खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडा. केबल घरात शिरते तिथं लाइटनिंग अरेस्टर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका: आभाळ भरून येताना दिसलं की केबल स्कॅनरमधून काढून बाहेर टाका. ढग डोक्यावर आल्यावर तिला हात लावायचा नाही.

कायद्याचं दोन ओळींत. तुमचा परवाना हॅमचा आहे, दुनियेचा नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून अशी यंत्रं बाळगायला परवाना लागत आलाय, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. पोलिसांचं किंवा इतरांसाठी असलेलं बोलणं ऐकायचं कसं, हे मला विचारू नका.

पाइप किती उंचीचा मिळाला, केबल किती मीटर लागते आणि जवळचा एफएमचा टॉवर कोणत्या दिशेला आहे, एवढं लिहा. फिल्टर लागेल की नाही ते त्यावरून सांगतो.