रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यांत कमी खर्चाचं डिझाईन रुजत का नाही?

प्रश्न वाचला आणि मातीची एक पुडी आठवली.

नियम नाहीत म्हणून रुजत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. रस्त्याखालच्या मातीत चुना मिसळण्याबद्दलची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक पुस्तिका, आयआरसी ५१, १९९२ची आहे. मी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली, तेव्हाही ती जुनीच होती.

निफाड तालुक्यातला रस्ता. वर उसाच्या ट्रॉल्या, खाली गोदाकाठची काळी माती. पावसाळ्यात फुगणार, एप्रिलात पाय अडकेल एवढ्या भेगा पडणार. रिवाज असा की ती उकरून फेकायची आणि लांबून मुरूम आणून भरायचा. मुरमात मुरमाचे पैसे कमी, वाहतुकीचेच जास्त. मी तेव्हा शाखा अभियंता. म्हटलं, आहे तीच माती ठेवू, चार टक्के चुना घालू. नाशिकला दिंडोरी रोडवरच्या मेरीत, म्हणजे सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, नमुने तपासून आणले. चार दिवस पाण्यात ठेवलेल्या नुसत्या मातीचा सीबीआर (माती किती भार पेलते त्याचं माप) दोनच्या आत, चुना घातलेलीचा नऊच्या वर. आकडे सोडा हो. बुटाला गोळा होऊन चिकटणारी माती दोन दिवसांत मुठीतून रव्यासारखी सुटत होती. तीच पुडीत बांधून नेली.

साहेबांनी पुडी उघडली, हुंगली आणि म्हणाले, “सरकारला चुना लावायला निघालास काय?” अख्खं ऑफिस हसलं. मग खरे प्रश्न आले. दरसूचीत आयटम आहे का? जिल्ह्यात आधी कुणी केलंय का? उद्या रस्ता बसला तर ऑडिटला उत्तर तू देणार?

मला राग आला, पण गोम तिथेच आहे. नेहमीच्या पद्धतीचा रस्ता फुटला तर दोष पावसाचा. नव्या पद्धतीचा फुटला तर सही करणाऱ्याचा. वाचवलेला पैसा उपविभागाकडे राहत नाही, उलट ३१ मार्चला निधी शिल्लक दिसला की नाकर्तेपणाचा शिक्का. सल्लागाराची फी प्रकल्पखर्चाच्या टक्क्यांत असेल तर तो कशाला स्वस्त सुचवेल? आणि २०२७च्या सिंहस्थाची घाई असताना नवं काही करून बघायला सवड कुणाला?

रस्ता मुरमाचाच झाला. दुसऱ्या पावसाळ्यात कडा खचल्या, मधोमध लांबच लांब भेग गेली. दुरुस्तीचं अंदाजपत्रकही मीच केलं.

आता खरं तेही सांगतो. चुना सगळीकडे चालत नाही. सल्फेट जास्त असलेल्या मातीत तो उलट फुगवतो, आणि रोटाव्हेटर नीट न फिरवता नुसता वरून भुरभुरला तर पैसे मातीत. आमच्या ठेकेदाराने तो नीट मिसळलाच असता, अशी हमी मीही देत नाही.

तुम्ही खात्यात असाल तर प्रस्ताव आवकमध्ये नोंदवून द्या आणि नकार टिपणीवर लेखी घ्या. मी पुडी नेली, टिपणी नेली नाही. मागे गंगापूर रोडला एका लग्नात साहेब भेटले. पंगतीत चार जणांना सांगत होते, “आमच्या काळात असलं काही कुणी सुचवलंच नाही हो, नाहीतर केलं असतं.”