सेल आधी बाहेर काढा, नवा सावकाश शोधा

प्रश्न: माझा 386 संगणक सुरू केला की दर वेळी 1 जानेवारी 1980 तारीख दाखवतो आणि हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतो. मदरबोर्डवर 3.6 व्होल्टचा, छोट्या पिंपासारखा सेल सोल्डर केलेला आहे. त्याच जागी सीआर2032 बसवू का?

उत्तर: तसाच नको. संगणक बंद असताना घड्याळ आणि हार्ड डिस्कची सेटिंग हा सेल जिवंत ठेवतो, तो मेला की दोन्ही जातात. तुमचा पिंपासारखा सेल निकेल-कॅडमियमचा आहे आणि संगणक चालू असताना मदरबोर्ड त्याला चार्ज करत असतो. सीआर2032 हा चार्ज न होणारा लिथियम सेल. त्यात करंट ढकलला तर तो फुगतो, फुटूही शकतो. वाटेत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून चार्जिंग अडवता येतं, पण साधा सिलिकॉन डायोड 0.6-0.7 व्होल्ट खातो. तीनातून तेवढे गेले की काही चिपना उरलेलं पुरत नाही, आणि मग सेल नवा असूनही तारीख विसरली जाते. डायोड घालायचाच तर शॉट्की घ्या, तो 0.2-0.3 वर भागवतो.

मी स्वतः मात्र वेगळं करतो. या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर सेलच्या आसपास चार पिनांची एक जोडणी असते, बाहेरच्या बॅटरीसाठी. तिथे तीन एए अल्कलाइन सेलचा डबा जोडायचा (4.5 व्होल्ट) आणि डबा लांब, कॅबिनेटच्या तळाशी ठेवायचा. उद्या ते सेल गळले तरी बोर्डापासून दूर गळतील. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पिना आणि जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) कुठे बसवायचा, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेवरून पक्कं करा. तिथून उलटं चार्जिंग येत नाही ना, तेही मल्टिमीटरने तपासा.

पण हे सगळं नंतर. जुना सेल आजच काढा. सेल नसलेला संगणक फक्त तारीख आणि सेटिंग विसरतो, गळका सेल मदरबोर्डच खातो. सेटिंग तुमची आधीच गेली आहेत, तेव्हा गमावण्यासारखं काही नाही. ज्यांची शाबूत आहेत त्यांनी आधी सेटअपच्या पडद्याचा फोटो काढावा, विशेषतः हार्ड डिस्कच्या सिलिंडर, हेड, सेक्टर या आकड्यांचा. तुमच्या डिस्कवरच्या लेबलवर बहुधा हे आकडे छापलेले असतील. सेटअपमध्ये टाइप 47, म्हणजे ‘यूजर’, निवडून ते भरा.

प्रश्न: सेलखाली हिरवट-निळी बुरशी दिसते आणि कीबोर्ड चालत नाही. बोर्ड गेला का?

उत्तर: इतक्यात हात झटकू नका. ती बुरशी नव्हे, गंजलेलं तांबं आहे. सेलमधला पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरून तांब्याच्या रेघांवर पसरला की असं होतं. कीबोर्डची जोडणी आणि त्याचा कंट्रोलर बहुतेकदा सेलच्या शेजारीच असतात, म्हणून पहिला घाव तिथे बसतो.

हातमोजे घाला, कॅडमियम विषारी आहे. सेल उपटू नका. मी पहिल्यांदा घाईत उपटला होता, आणि खालचा तांब्याचा पॅड सेलच्या पायाला चिकटूनच वर आला. कटरने सेलचे पाय कापा, सेल बाजूला करा, मग राहिलेली टोकं एकेक करून काढा. गंजलेलं सोल्डर राखाडी, निस्तेज दिसतं आणि सोल्डरिंग आयर्न कितीही टेकवलं तरी वितळत नाही. त्यावर फ्लक्स आणि थोडं ताजं सोल्डर चढवलं की जुनंही सैल होतं. निगेटिव्ह पाय जास्त वेळ घेतो, कारण बोर्डाचं रुंद ग्राउंड सगळी उष्णता ओढून घेतं. तिथे जोर न लावता थांबायचं.

मग पांढरं व्हिनेगर. सांडलेला पदार्थ अल्कली, म्हणून त्यावर आम्ल. जुन्या टूथब्रशने लावलं की बारीक फेस येतो. फेस थांबेपर्यंत घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि बोर्ड पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर तसंच राहू दिलंत तर तेही तांबं खातं. त्यानंतर मल्टिमीटरने एकेक रेघ तपासा. हिरव्या थराखाली काळी पडलेली रेघ वरून धड दिसते आणि आतून तुटलेली असते. तुटली असेल तिथे बारीक तारेचा पूल घाला. कीबोर्ड बहुधा एवढ्यावर बोलू लागेल.

प्रश्न: माझ्या 486 वर सेलच दिसत नाही, तरी तारीख जाते.

उत्तर: घड्याळासारखं चित्र असलेली जाड, काळी, 24 पिनांच्या चिपची ठोकळी शोधा. त्यावर बहुधा डीएस1287 किंवा डीएस12887 लिहिलेलं असेल. लिथियम सेल आणि क्रिस्टल त्या ठोकळीतच भरलेले असतात, आणि तो सेल साधारण दहा वर्षांच्या बोलीवर दिलेला. 1994 च्या ठोकळीकडून आणखी काय मागणार? सॉकेटमध्ये असेल तर बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, पण जुन्या साठ्यातली घेऊ नका, ती पेटीतच म्हातारी झालेली असते. वर सीआर2032 ची खाच असलेले नवे पर्याय मिळतात, ते उत्तम. ठोकळी घासून पिन 16 (निगेटिव्ह) आणि 20 (पॉझिटिव्ह) जवळ बाहेरचा सेल जोडणारेही आहेत. तसं करणार असाल तर आतल्या मेलेल्या सेलची जोडणी आधी तोडा, नाहीतर तो नव्याला पिऊन टाकेल.

प्रश्न: मॅकिंटॉश एसई/30 वापरत नाही, नुसता कपाटात आहे. तरी सेल काढायचा?

उत्तर: कपाटातल्याचाच सर्वात आधी. वापरात असलेला संगणक तुम्ही उघडता तरी, कपाटातला वर्षानुवर्षं गळत राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. अर्ध्या एए आकाराचा, 3.6 व्होल्टचा लिथियम सेल आहे, खाचेतून निघतो. कवच उघडायला लांब दांड्याचा टी15 टॉर्क्स पेचकस लागेल. पिक्चर ट्यूबच्या जाड वायरला आणि तिच्या रबरी टोपीला हात लावू नका, बंद संगणकातही तिथे जीवघेणा विद्युतदाब उरलेला असू शकतो. सेलशिवाय एसई/30 नेहमीसारखा सुरू होईल, फक्त तारीख चुकीची दाखवेल. जुना मॅकिंटॉश II असता तर गोष्ट वेगळी होती. त्याचे दोन्ही सेल बोर्डावर सोल्डर केलेले असतात, आणि ते मेले की बटण दाबूनही संगणक उठत नाही.