वाचकांचे प्रश्न : पॅरिसचे १९२५ चे प्रदर्शन

प्रश्न : आर्ट डेको या सजावटी शैलीतील फर्निचरचा उगम १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात झाला, हे खरे आहे का?

उत्तर : उगम नव्हे, उत्कर्ष म्हणणे अधिक योग्य ठरेल. आधुनिक सजावटी कलांचे हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन आधी १९१५ साठी योजले होते. पहिल्या महायुद्धामुळे ते लांबले, म्हणजे ही शैली त्यापूर्वीच आकार घेत होती. जुन्या शैलींच्या नकलांना तेथे मज्जाव होता. फ्रेंच फर्निचर-रचनाकार एमिल-जाक रूलमान यांच्या दालनात मौल्यवान लाकूड आणि अत्युच्च कारागिरी यांचे वैभव होते, तर वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी त्याच आवारात सजावटच नाकारणारे दालन उभारले, आणि माझ्या मते प्रदर्शनाचे खरे महत्त्व या विरोधातच आहे. पुढे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी माणिकबाग राजवाड्यासाठी रूलमान यांचेही फर्निचर घेतले. त्या संग्रहावर पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरवले.